जुनी फायबर बोट घेताना: धरणावर नव्याने मासेमारी सुरू करणाऱ्यांसाठी

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी येत होतं, त्याच दिवसांत मी माझी पहिली बोट विकत घेतली. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता आणि भेगाळलेल्या गाळात बोटी जागच्या जागी टेकल्या होत्या. एक लाल बोट नवीन रंगवलेली होती, चकचकीत. किंमत परवडणारी होती. माझ्याबरोबर आलेले मामा बोटीभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "रंगच बघायलास व्हय? मागची फळी दाबून बघ की." मी दाबली नाही. पावसाळ्यात धरण भरलं, बोट पाण्यात उतरली आणि पंधराव्या दिवशी मागची फळी इंजिनासकट बाहेरच्या बाजूला कलली. आत प्लायवूडचा भुसा झालेला होता. काठ जवळ होता म्हणून इंजिन वाचलं.

तेव्हापासून दुसऱ्यांसाठी बोटी बघायला जातो आणि फायबरची दुरुस्तीही करतो. फायबर म्हणजे रेझिनमध्ये, म्हणजे वाळून टणक होणाऱ्या चिकट द्रवात, बसवलेले काचेच्या धाग्यांचे थर. पहिल्यांदा बोट घेणारा माणूस जवळजवळ नेहमी फायबरकडे बघतो. फायबरला भोक पडलं, तडा गेला, तुकडा उडाला तरी ते जोडता येतं आणि नीट जोडलं तर टिकतं. घात होतो तो आत झाकलेल्या लाकडाचा आणि फोमचा. आपल्याकडच्या बोटींना आणखी एक दुखणं आहे. कोकणातली बोट पाण्यात झिजते, मराठवाड्यातली बोट जमिनीवर झिजते. दुष्काळात वर्ष-दोन वर्षं उन्हात पडून राहिलेल्या बोटीचं जे होतं ते समुद्रावरच्या माणसाला सांगूनही पटत नाही. हा लेख त्या नजरेने लिहिला आहे.

आधी पाणी आणि परवाना

बोट बघायला जाण्याआधी दोन गोष्टींचा निकाल लावा.

एक, त्या पाण्यात मासेमारी करायचा हक्क तुम्हाला आहे का? आपल्याकडची बहुतेक धरणं आणि तलाव मत्स्यव्यवसाय विभागामार्फत मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. संस्थेचं सभासदत्व किंवा तिची परवानगी नसेल तर तुमची बोट काठावरच राहणार. संस्थेच्या सचिवाला आधी भेटा. जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांचं कार्यालय असतं, तिथेही एक चक्कर मारा. इंजिन लावलेल्या बोटीला आणि वल्ह्याच्या होडीला नियम वेगळे लागतात, ते तिथेच विचारा. पैठणच्या नाथसागरावर काम करायचं असेल तर १९८६ साली तिथे पक्षी अभयारण्य जाहीर झालेलं आहे हे ध्यानात ठेवा. कुठे जाळं टाकता येतं आणि कुठे नाही, याची वन विभागाकडे चौकशी केल्याशिवाय एक रुपयाही इसार देऊ नका.

त्याच कार्यालयात अनुदानाचीही चौकशी करा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना बोट आणि जाळ्यांसाठी मदतीची तरतूद आहे. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के असं अनुदानाचं प्रमाण असतं. जुनी बोट घेऊन तिच्यावर खर्च करायचा आणि मग कळायचं की नवी बोट जवळपास तेवढ्यातच पडली असती, असं होऊ नये. मच्छीमारांना किसान क्रेडिट कार्डही मिळतं, बँकेत त्याचीही चौकशी करा.

दुसरी गोष्ट पाण्याची. नाथसागर साधारण ५५ किलोमीटर लांब आणि २७ किलोमीटर रुंद पसरतो. दुपारी वारा सुटला की एवढ्या मोकळ्या पाण्यावर ज्या लाटा उठतात त्या बाहेरच्या माणसाला खऱ्या वाटत नाहीत. तिथे उंच काठाची आणि टोकदार नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, बोट हवी. माजलगाव, मांजरा, निम्न तेरणा इथे पाणी आटोपशीर आहे, पण काठाला गाळ फार. तिथे सपाट बुडाची, हलकी, एका माणसाने ओढता येईल अशी होडी बरी. येलदरी आणि इसापूरला खोली जास्त आहे. नांदेडजवळ विष्णुपुरीचं पाणी नदीसारखं लांबट आहे, वल्हं मारत लांब जावं लागतं. आणि बहुतेक धरणांत बुडालेली गावं आहेत. पाणी उतरलं की जुन्या भिंती, विहिरींचे काठ, बाभळीचे बुंधे पाण्याच्या वरच्या थराखाली येऊन थांबतात. फायबरच्या बुडाला सगळ्यात मोठा धोका या बुंध्यांचा.

एकट्याने किंवा दोघांनी तंगूसचं (बारीक नायलॉन दोऱ्याचं) जाळं टाकून कटला, रोहू, चिलापी धरायची असेल तर बारा ते चौदा फुटांची होडी पुरते. किती माणसं बसवायची याचा एक ढोबळ हिशोब आहे: लांबी आणि रुंदी फुटांत घ्या, गुणा, पंधराने भागा. चौदा फूट लांब, चार फूट रुंद होडीचं उत्तर पावणेचार येतं, म्हणजे तीन माणसं. भिजलेलं जाळं आणि मासे मिळून साठ-सत्तर किलो होत असतील तर त्यातला एक माणूस कमी धरा. भरलेल्या होडीचा काठ पाण्यापासून निदान एक फूट वर राहिला पाहिजे.

पैशाची वाटणी

समजा, हाताशी ६०,००० रुपये आहेत. ६०,००० ची बोट बघायला जाऊ नका. ३५,००० ची बघा. दहा हजार दुरुस्तीला, पाच हजार वाहतुकीला, पाच हजार वल्ही, दोर, नांगर आणि लाइफ जॅकेटला, उरलेले पाच हजार हात न लावता बाजूला. आकडे तुमच्या ऐपतीप्रमाणे बदला, पण दर शंभर रुपयांत साठच्या वर बोटीवर घालवू नका. जुन्या बोटीवर घेतल्यानंतर पहिल्या महिन्यात खर्च निघतोच.

आणि पहिल्या हंगामात इंजिन घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. वल्ह्यांवर एक वर्ष काढलं की पाणी कळतं, वारा कळतो, बोट कुठे गळते ते कळतं. ज्याला वल्ही मारून काठावर परत येता येत नाही, त्याचं इंजिन मध्येच बंद पडलं तर तो काय करणार?

कधी आणि कुठे शोधायची

मार्च ते मे हा काळ सगळ्यात चांगला. पाणी उतरलेलं असतं, बोटी वर काढलेल्या असतात, बूड डोळ्यांना दिसतं. ऑगस्ट-सप्टेंबरात धरण भरलं की भाव वर जातो आणि विकणारा पाण्यातच बोट दाखवतो. पाण्यात तरंगती बोट बघून घेणं म्हणजे निम्मी बोट न बघताच घेणं.

शोध संस्थेच्या सचिवापासून सुरू करा. कोण धंदा सोडतोय, कोणाचा मुलगा पुण्याला गेला, ते त्याला माहीत असतं. आपल्याकडे न मिळाल्यास उजनीच्या काठावर, इंदापूर-करमाळ्याच्या बाजूला चौकशी करा. कोकणातूनही जुन्या बोटी येतात. समुद्रावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा तिथल्या बोटी ओढून वर काढलेल्या असतात, म्हणून पाहणीला तो काळ सोयीचा. पण समुद्राची बोट आपल्या धरणात आणताना विचार करा. तिचं बूड खोल आणि टोकदार असतं, वजन जास्त असतं. गाळाच्या काठावर ती ओढायला सहा माणसं लागतील, आणि ती रोज तुम्हाला कुठून मिळणार? तिच्यावर समुद्रातल्या नोंदणीचा क्रमांक रंगवलेला असेल तर त्या नोंदणीचं काय केलं, हेही विचारा.

बागेतल्या तळ्यातल्या जुन्या पॅडल बोटी लिलावात स्वस्त मिळतात. जाळ्याच्या कामाला त्या घेऊ नका. त्यांचा काठ बुटका असतो आणि उभं राहून जाळं ओढलं की तोल जातो.

दुष्काळाच्या वर्षी विकणारे खूप असतात. तेव्हा भाव पाडून मागायचा मोह होतो. विकणारा आपल्याच धरणावरचा, आपल्याच संस्थेतला माणूस आहे. वाजवी पैसे द्या. पुढे तोच तुमची अडकलेली जाळी सोडवायला येणार आहे.

पाहणी: घाई करायची नाही

सकाळी लवकर जा. दहाच्या आत. उन्हाचा तिरपा उजेड बोटीच्या अंगावर पडला की बुजवलेली जागा वेगळी चमकते, पत्र्यावरचा पोचा दिसावा तशी. सोबत एक लाकडी हातोडी, रुपयाचं नाणं, खडू, टोचा, लांब सुतळी आणि टॉर्च घ्या. बोट ओली असेल तर पुसून घ्या. विकणाऱ्याला आधीच सांगा की उलटी करून बघणार. "उलटी करायला माणसं नाहीत" असं उत्तर आलं तर माणसं तुम्ही घेऊन जा, पण उलटी केल्याशिवाय सौदा करू नका.

पहिला हात फिरवा. हाताला पांढरी पूड लागली तर उन्हाने वरचा थर, ज्याला जेलकोट म्हणतात, तो जळालाय. एवढंच असेल तर घाबरू नका, घासून रंग दिला की चालतं. पण पूड झडून खालचे काचेचे धागे उघडे दिसत असतील तर त्या धाग्यांच्या कडेकडेने पाणी आत शिरत गेलंय असं समजा.

मग सुतळी. बोट उलटी असताना बुडाच्या मधोमध, पुढून मागे ताणून धरा. सपाट बुडाच्या होडीत सुतळी आणि बूड यांच्यात मध्येच दोन बोटांची फट दिसली तर ती बोट बराच काळ दोन दगडांवर किंवा दोन टायरांवर ठेवलेली होती. साधं पॉलिस्टर रेझिन साठ-सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. आपल्या मे महिन्यात हवाच बेचाळीस अंश असते आणि गडद रंगाची बोट उन्हात त्याहून कितीतरी जास्त तापते. मग ती स्वतःच्याच वजनाने हळूहळू वाकते. हे वाकणं सरळ होत नाही. अशी बोट पाण्यात एका बाजूला ओढते आणि वल्हं मारणाऱ्याचे खांदे दुखवते. मी अशी बोट सोडून देतो. काळ्या, गडद निळ्या, लाल बोटींत हा दोष जास्त दिसतो. पांढरी आणि पिवळी त्यामानाने बऱ्या निघतात.

आता नाणं. बुडावर आणि बाजूंवर वीत-वीत अंतराने वाजवत जा. चांगलं फायबर टणक, कोरडा आवाज देतं. जिथे आवाज बसका येतो, तिथे थर सुटलेत किंवा आत पाणी आहे. खडूने गोल करा. सगळी बोट झाली की लांब उभे राहून गोल बघा. दोन-चार सुटे गोल असतील तर दुरुस्ती होते. गोल एकमेकांना लागून पट्टा झाला असेल, विशेषतः बुडाच्या आणि बाजूच्या कोपऱ्यावर, तर बोट सोडा.

तड्यांत फरक असतो. कोळिष्टकासारखे बारीक तडे वरच्या थरातच असतात, दगड लागला की येतात. लांब सरळ तडा, बुडाच्या कोपऱ्याला समांतर किंवा बसायच्या फळीच्या सांध्याला धरून गेलेला, हा धोक्याचा. त्याच जागी आतून बघा. फायबर पांढरं पडलेलं दिसलं तर थर तुटलेत. एकाला आतून दाबायला सांगा आणि बाहेरून तडा उघडतो का ते पाहा.

पाण्याखालच्या भागावर मुगाएवढे फोड दिसले तर एक टोचून बघा. आतून आलेल्या पाण्याला आंबट वास आला तर रेझिनमध्ये पाणी मुरलंय. गोड्या पाण्यात हे फोड समुद्रापेक्षा जास्त येतात, म्हणून "समुद्रात दहा वर्षं काही झालं नाही" हे ऐकून निश्चिंत होऊ नका. मोजके फोड उकरून, बोट महिनाभर सावलीत वाळवून बुजवता येतात. आपल्या कोरड्या उन्हाळ्याचा या कामी तरी उपयोग होतो.

जुन्या दुरुस्त्याही बघा. गाड्यांच्या कामात वापरतात ती लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलेला असेल तर ती पाणी पिते आणि एक दिवस निखळते. एम-सीलसारख्या इपॉक्सीने बुजवलेल्या जागेवर साधं पॉलिस्टर रेझिन नीट धरत नाही, तिथे आधीचं सगळं घासून काढावं लागतं. जळकट तपकिरी डाग दिसला तर शेजारी पाचट पेटवलं होतं का ते विचारा. गुरांना पाणी पाजायला डोण म्हणून वापरलेल्या बोटी मी बघितल्या आहेत. त्यांत पाणी वर्षानुवर्षं आतून साचलेलं असतं आणि आतलं लाकूड त्यानेच कुजतं.

मागची फळी आणि आतलं लाकूड

इथे वेळ घालवा. जिथे इंजिन अडकवतात ती मागची फळी वरून फायबर आणि आतून प्लायवूड अशी असते. बोल्टासाठी भोकं पाडली की त्यातून पाणी झिरपतं. फायबर बाहेरून शाबूत दिसतं आणि आत प्लायवूडचा चिखल होतो.

बोट सरळ ठेवून फळीवर दोन्ही हातांनी भार द्या, आत-बाहेर हलवा. इंजिन लावलेलं असेल तर त्याचा खालचा पाय धरून वर उचला आणि सोडा. फळी बुडापासून केसभरही हलता कामा नये. बोल्ट काढायला सांगून भोकात टोचा घाला. चांगलं लाकूड टोच्याला अडवतं. टोचा लोण्यात शिरावा तसा गेला किंवा त्याला काळपट ओला भुसा चिकटला तर फळी गेलेली आहे. बोल्टाखाली तांबूस ओघळ हीसुद्धा तीच खूण.

तळात उभ्या पट्ट्या असतात, त्यांतही बहुतेक लाकूडच भरलेलं असतं. अनवाणी होऊन बोटीत चाला. पायाला जिथे मऊ लागेल तिथे खडू. बसायच्या फळ्यांखाली आणि नाळेत बंद कप्पे असतात, त्यात फोम भरलेला असतो. हा फोम महत्त्वाचा, कारण फायबर पाण्यापेक्षा जवळपास दीडपट जड आहे. लाकडी होडी भरली तरी तरंगत राहते, फायबरची भरली की तळाला जाते. फोम कोरडा असेल तरच ती तुम्हाला धरून ठेवते. मालकाची परवानगी घेऊन कप्प्याच्या सगळ्यात खालच्या जागी एक बारीक भोक पाडा. पाण्याची धार लागली तर फोम भिजलेला आहे. तो पुन्हा वाळत नाही, काढूनच टाकावा लागतो.

भोक पाडू देत नसतील तर वजन करा. साखर कारखान्याच्या रस्त्यावर किंवा मोंढ्याजवळ वजनकाटा असतोच. पिकअप आधी रिकामी, मग बोटीसकट. एकाच साच्यातल्या दुसऱ्या बोटीपेक्षा तीस-चाळीस किलो जास्त भरली तर ते पाणी आहे, आणि ते तुम्ही विकत घेताय.

फळी गेली म्हणजे बोट गेली असं नाही. आतल्या बाजूचं फायबर कापून, कुजलेलं खरवडून, नवं मरीन प्लायवूड बसवता येतं. दुकानात प्लायवूडवर आयएस ७१० हा शिक्का बघून घ्या. आयएस ३०३ चं प्लायवूड फर्निचरचं असतं, दुकानदार ते 'वॉटरप्रूफच आहे' म्हणून देतो, इथे चालत नाही. या कामाचा खर्च दरातून वळता करून मागा, आणि विकणारा मानत नसेल तर सरळ नमस्कार करून निघा.

इंजिन सोबत मिळत असेल तर

इंजिनाची किंमत बोटीपासून वेगळी करून विचारा. पंधरा इंच आणि वीस इंच अशा दोन लांबीचे पाय असतात. फळीच्या उंचीला तो जुळला पाहिजे, नाहीतर पंखा एकतर हवा कापतो नाहीतर गाळ. चालू करून बघताना पाय पाण्याच्या पिंपात बुडालेला हवा. कोरडं चालवलं तर पाणी ओढणारं रबरी चक्र काही क्षणांत जळतं. बाजूने थंडाव्याच्या पाण्याची सरळ धार आली पाहिजे. गिअरचं तेल थोडं काढा. दुधट दिसलं तर सील गेलंय. समुद्रावरून आलेल्या इंजिनाच्या आत मिठाने काय केलंय ते मेकॅनिकशिवाय कळत नाही. त्याला सोबत न्या किंवा इंजिन नको म्हणा.

सौदा आणि कागद

इसार थोडा द्या आणि बाकी रक्कम बँकेतून. ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर खरेदी लिहून घ्या: लांबी, रुंदी, रंग, इंजिनाचा क्रमांक, दोन साक्षीदार, विकणाऱ्याच्या आधारची प्रत. बोट संस्थेच्या नावावर असेल किंवा अनुदानातून घेतलेली असेल तर एकट्या माणसाच्या सहीवर ती घेऊ नका. संस्थेचा ठराव आणि ना हरकत मागा. माझ्या एका ओळखीच्या मुलाची बोट अशाच वादात आठ महिने दुसऱ्याच्या वाड्यात अडकून पडली होती आणि त्या वर्षी धरण भरलेलं होतं.

आणताना पिकअपमध्ये खाली भाताचा पेंढा किंवा गोणपाट घाला आणि बोट तीन ठिकाणी टेकवा. मागे लोंबकळणारा भाग जितका कमी तितका बरा. दोर काठावरून आवळताना कडेला चिंधी ठेवा. आपल्या रस्त्यांवर साठ-सत्तर किलोमीटरमध्ये दोर फायबर कापतो.

घरी आणल्यावर दुरुस्ती

तडा बुजवताना वरवर पट्टी चिकटवू नका. तुटलेलं फायबर चांगला थर लागेपर्यंत घासा आणि कडा उतरती करा. जाडीच्या बारापट रुंद उतार ठेवायचा. चार मिलिमीटर जाड बुडाला म्हणजे चारी बाजूंनी साधारण पाच सेंटिमीटर. ॲसिटोनने पुसा, वाळू द्या. मग ४५० ग्रॅमची (चौरस मीटरला) मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई. तिचा एक थर बसला की साधारण एक मिलिमीटर जाडी येते, म्हणजे चार थर. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन लागतं. ब्रशने थापत हवेचे बुडबुडे बाहेर काढा. वरचा थर हवेत चिकट राहतो, त्यावर प्लास्टिकचा कागद ताणून लावला की नीट कडक होतो.

रेझिन घट्ट करणारं हार्डनर रेझिनच्या एक ते दोन टक्के. उन्हाळ्यात एकाच टक्क्यावर राहा, एक किलोला दहा मिली, आणि काम पहाटे उरका. दुपारी डब्यातलं रेझिन ब्रश बुडवायच्या आत घट्ट होतं आणि डबा धुराने भरतो. कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) वेगळं आणलं असेल तर ते आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्या आणि मगच हार्डनर घाला. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. घासताना मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. काचेची धूळ अंगात आणि छातीत जाते. लहान मुलांना त्या दिवशी अंगणात येऊ देऊ नका.

भिजलेल्या फोमच्या जागी पॅकिंगचा थर्माकोल भरून वरून रेझिन ओतलं तर थर्माकोल विरघळून जातो, रेझिनमधल्या रसायनाने. सोपा उपाय म्हणजे घट्ट झाकणाचे रिकामे कॅन. वीस लिटरचा एक बंद कॅन साधारण एकोणीस किलो वजन पाण्यावर धरतो. असे चार कॅन बसायच्या फळ्यांखाली, पुढे-मागे सारखे वाटून, पट्ट्याने पक्के बांधा. सैल ठेवले तर बोट उलटली की ते आधी निघून जातात.

लाइफ जॅकेट जुनं घेऊ नका. बोटीत पैसे वाचवा, जॅकेटमध्ये नाही. नवं घेऊन कमरेएवढ्या पाण्यात ते घालून पाय उचलून बघा. तोंड पाण्याच्या वर राहिलं पाहिजे. धंद्यात पोहणारेही बुडतात, कारण जाळ्यात पाय अडकतो. मच्छीमारांसाठी अपघात विमाही आहे, मृत्यू झाल्यास कुटुंबाला पाच लाख मिळतात. संस्थेकडून त्यात नाव घालून घ्या.

पाण्यात उतरवताना

पहिल्या दिवशी जाळं नेऊ नका. काठाजवळ, छातीएवढ्या पाण्यात बोट सोडा आणि तुमच्या दोन माणसांच्या वजनाइतके दगड गोणीत भरून तळावर ठेवा. पाण्याची रेष बाहेरून रंगाने आखून ठेवा. रात्रभर तशीच बांधा. सकाळी आत पाणी किती आलं आणि बोट आखलेल्या रेषेखाली किती गेली ते बघा. आत कोरडं असूनही बोट रेषेखाली गेली असेल तर पाणी कुठल्यातरी बंद कप्प्यात शिरतंय. मग दगड काढून बोट जाणूनबुजून पाण्याने काठोकाठ भरा. कॅनांच्या जोरावर ती काठ वर धरून तरंगली पाहिजे. नाही तरंगली तर आणखी कॅन बांधा आणि पुन्हा भरून बघा.

नंतरचे पंधरा दिवस काठ दिसेल एवढंच लांब जा आणि दुपारच्या आत परता. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेला ढग काळवंडले की जाळं सोडून या. वळवाचा वारा तुम्हाला परत यायला वेळ देत नाही.

हंगाम संपला, पाणी मागे सरकलं की बोट गाळात सोडून देऊ नका. वर ओढा, धुऊन घ्या, तीन बांबूंवर उलटी ठेवा, कडुलिंबाच्या किंवा बाभळीच्या सावलीत. पाणी सोडायच्या भोकाचं बूच काढून दोरीने बसायच्या फळीला बांधून ठेवा. सावली नसेल तर कडब्याचा थर टाका, त्यावर जुनं पोतं. प्लास्टिकची ताडपत्री थेट अंगाला लावू नका, तिच्याखाली वाफ धरते. महिन्यातून एकदा जाऊन बांबू थोडे पुढे-मागे सरकवा, म्हणजे बुडाचा भार एकाच जागी राहत नाही.